कामगारांची आरोग्य-तपासणी : अहवाल कोणाच्या हाती?

(चेन्नई येथे मराठीभाषक उद्योजक, कारखाना-व्यवस्थापक आणि कामगार यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



चेन्नईत कामगारांच्या आरोग्यावर बोलावयाचे म्हटले की १९१८ सालाचे स्मरण होणे साहजिक आहे. त्या वर्षी २७ एप्रिल रोजी पेरांबूरच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांतील कामगारांची मद्रास लेबर युनियन स्थापन झाली. देशातील पहिली संघटित कामगार संघटना म्हणून तिचा उल्लेख होतो. तिचे नेतृत्व करणारे बी. पी. वाडिया मूळचे मुंबईचे. दुपारच्या जेवणाला मिळणारी सुट्टी अपुरी पडते, हे कामगारांनी त्यांच्यापुढे मांडलेल्या पहिल्या गाऱ्हाण्यांपैकी एक होते. वेतनाच्या जोडीने शरीराचा प्रश्न असा प्रारंभापासूनच उभा होता.

पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकर या अर्थशास्त्रज्ञाकडे सोपविण्यात आले. त्यांच्या १९४४ च्या अहवालातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आकारास आला. (अर्थशास्त्रज्ञाचा अहवाल इतका टिकल्याची उदाहरणे फार नाहीत, म्हणून आम्हा मंडळींना त्याचा थोडा अभिमान वाटतो.) कारखान्यांच्या मुख्य सल्लागाराचे कार्यालय १९४५ मध्ये सुरू झाले. आज त्याचाच विस्तार होऊन मुंबईत शीवला केंद्रीय श्रम संस्था आणि येथे तरमणीला प्रादेशिक श्रम संस्था उभी आहे. के. के. नगरच्या ईएसआय रुग्णालयात व्यावसायिक आजारांचे केंद्रही आहे. थोडक्यात, संस्थांची वाण या शहरात नाही.

कायद्याचीही नाही. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये, कारखाने अधिनियमात कलम ४१-सी घालण्यात आले. घातक प्रक्रियेत काम करणाऱ्याची तपासणी कामावर नेमण्यापूर्वी, काम चालू असताना आणि ते काम सुटल्यानंतरही करावी, दोन तपासण्यांत बारा महिन्यांहून अधिक अंतर नसावे आणि नोंदी कामगाराला पाहता याव्यात, असे त्यात म्हटले होते. या अधिनियमाची जागा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० हिने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. घातक प्रक्रियांविषयीची जबाबदारी संहितेत आहेच. शिवाय चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी हा तिचा सर्वाधिक गाजलेला भाग आहे.

या तरतुदीचे स्वागतच केले पाहिजे. तथापि दोन गोष्टींची गल्लत होऊ नये. रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा आलेख यांची तपासणी ही सर्वसाधारण आरोग्य-तपासणी होय. तमिळनाडू शासनाने २०२४ मध्ये कामाच्या ठिकाणी जाऊन अशी तपासणी करण्याचा उपक्रम सुरू केला, तो स्तुत्यच आहे. व्यावसायिक तपासणीचा प्रश्न मात्र निराळा असतो : हे काम या माणसाला काय करीत आहे? त्याचे उत्तर वयावर अवलंबून नसते. अंबत्तूरच्या प्रेस-शॉपमध्ये उभा राहणारा बावीस वर्षांचा तरुण चाळिशीची वाट पाहू शकत नाही. आवाजाने येणारे बहिरेपण प्रथम चार हजार हर्ट्झच्या आसपास दिसते. बोलणे ऐकू येत असते, म्हणून त्याला स्वतःला काहीच जाणवत नाही. ऑडिओमेट्रीच्या आलेखात मात्र खाच पडलेली असते. ही चाचणीही पाळी संपल्याबरोबर घेऊन चालत नाही. कान आवाजापासून चौदा-सोळा तास दूर राहिले, तरच खरे चित्र दिसते. सुती गिरणीतील बिसिनोसिसचे उलट आहे. साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते. म्हणून त्याच दिवशी, पाळीच्या आधी आणि नंतर, फुफ्फुसांची क्षमता मोजावी लागते. चाचणी केव्हा केली हे न पाहता केवळ केली एवढेच पाहणारा निरीक्षक कागद तपासतो, कामगार नव्हे.

सगळ्याच चाचण्या खर्चीक नसतात. या महानगराच्या एका उपनगराचे, क्रोमपेटचे, नावच क्रोम लेदरच्या कारखान्यावरून पडले आहे. क्रोम-प्लेटिंगच्या टाकीपाशी काम करणाऱ्याच्या नाकातील पडद्याला व्रण किंवा छिद्र पडले आहे काय, हे प्रशिक्षित डॉक्टरला साध्या विजेरीच्या प्रकाशात दिसते. तरीही लहान कारखान्यांत ते पाहिले जात नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा खरा प्रश्न वाटतो.

याचे एक कारण असे की, खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा. सिलिकोसिससारखा आजार बहुधा दहा वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा उघड होतो. ठेकेदाराचा करार संपतो काही महिन्यांत. आज धूळ खाऊ घालणारा नियोक्ता त्या आजाराचे बिल कधीच पाहत नाही. ओडिशातून किंवा बिहारातून श्रीपेरुंबुदूरला आलेला मजूर खोकला घेऊन गावी परततो आणि तेथे त्याच्यावर क्षयरोगाचे उपचार सुरू होतात. आमच्या शास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात.

दुसरे कारण अधिक अवघड आहे. कामगारालाच तपासणी नको असते. त्यात अडाणीपणा मुळीच नाही. तो आपल्या परीने अचूक हिशेब करीत असतो. अहवालात दोष निघाला तर 'अनफिट' हा शिक्का बसणार, आणि अनफिट म्हणजे घरी. भरतीच्या वेळची तपासणी तर अनेक ठिकाणी गाळणी म्हणूनच वापरली जाते : आधीच्या कारखान्याने बिघडवलेली छाती पुढच्या कारखान्याने नाकारावयाची. तपासणीचा अर्थ रोजगाराला मुकणे असा असेल, तर ती कितीही मोफत दिली तरी कामगाराला महागच पडते. राजस्थानने २०१९ मध्ये न्युमोकोनिओसिसविषयी धोरण आणून निदान प्रमाणित झालेल्या कामगाराला अर्थसाहाय्य देऊ केले. प्रमाणपत्रामागे शिक्षेऐवजी आधार असला की माणूस आपण होऊन तपासणीला येतो. ईएसआयच्या कक्षेतील कामगाराला व्यावसायिक आजार हा कामावरील इजेप्रमाणेच मानला जातो आणि तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या सुमारे ९० टक्के लाभ मिळतो, हे येथील किती व्यवस्थापकांनी आपल्या कामगारांना सांगितले आहे?

आता नोंदींविषयी. याच शहरातील मद्रास उच्च न्यायालयापुढे कोडाईकनालच्या पारा-थर्मामीटर कारखान्याचे प्रकरण बरीच वर्षे चालले. १९८३ च्या सुमारास अमेरिकेतून तेथे हलविलेला हा कारखाना पुढे हिंदुस्तान लिव्हरकडे आला. पारामिश्रित काचेचा कचरा भंगारवाल्याकडे सापडल्यावर २००१ मध्ये तो बंद पडला. पाऱ्यामुळे मूत्रपिंडाचे व इतर विकार जडल्याचे माजी कामगारांचे म्हणणे होते. कामामुळे प्रकृतीवर दुष्परिणाम झाल्याचे कंपनीने कधीच मान्य केले नाही. अखेर मार्च २०१६ मध्ये ५९१ माजी कामगारांच्या बाबतीत तडजोड होऊन त्यांना सानुग्रह रक्कम मिळाली. कोणाची बाजू खरी, याचा निवाडा मी येथे करणार नाही. मला लक्षात आणून द्यावयाचे आहे ते वेगळेच. लघवीतील पाऱ्याचे प्रमाण साधारणपणे दोन महिन्यांत निम्मे होते. काम सुटल्यावर काही वर्षांनी कितीही उत्तम प्रयोगशाळेत तपासणी केली, तरी पूर्वी शरीरात किती पारा गेला होता हे कळत नाही. रक्तातील शिशाचेही तसेच आहे. वेळेवर घेतलेली चाचणी आणि तिची जपलेली नोंद हाच अशा प्रकरणी भक्कम पुरावा असतो, आणि ती नोंद सामान्यतः एकाच पक्षाच्या कपाटात असते.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात हे ओळखले होते. आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या प्रारंभापासून ४० वर्षे, किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जे उशिरा येईल तोपर्यंत जपाव्यात, असा आदेश त्या निकालात आहे. चाळीस वर्षे! गिंडी-अंबत्तूरच्या किती लहान कारखान्यांचे आयुष्य तरी तेवढे असते? कारखाना विकला जातो, मालक बदलतो, आणि कपाट भंगारात जाते.

म्हणून माझी उद्योजकांना विनंती आहे की, प्रत्येक चाचणीची प्रत त्याच आठवड्यात कामगाराच्या हाती द्यावी. ठेकेदाराच्या कामगारालाही द्यावी. तिच्यावर कामाचे स्वरूप, कोणत्या पदार्थाशी संबंध येतो आणि तो किती काळ, हे लिहावे. त्यावाचून फुफ्फुसाचा आकडा मुका असतो. व्यवस्थापनाला हा माणूस या कामावर राहू शकतो किंवा त्याला दुसरे काम द्यावे एवढाच निष्कर्ष मिळावा. सविस्तर निदान डॉक्टर आणि कामगार यांच्यातच राहावे. दुसरे काम देताना वेतन कमी होऊ नये. एकाच खात्यातील तीन-चार जणांचे आलेख एकदम खालावले, तर माणसे बदलू नयेत, यंत्राचा आवाज किंवा धूळ कमी करावी.

या नोंदी आता 'आभा' या डिजिटल आरोग्य-खात्याशी जोडाव्यात, अशी सूचना पुढे येते. गावोगाव फिरणाऱ्या मजुराच्या दृष्टीने ती उपयुक्त आहे. मात्र नोकरी मागावयास आलेल्या माणसाकडे दारातच त्या खात्याची संमती मागितली गेली, तर नाकारण्याचे स्वातंत्र्य त्याला कितपत राहील? ही सोय करण्यापूर्वी भरतीच्या वेळी अशी संमती मागण्यास स्पष्ट मनाई करणारा नियम करावा लागेल. तो करण्याचे काम राज्य आणि केंद्र या दोन्ही शासनांच्या श्रम विभागांपुढे आहे.