दोन जिवांचा ताप

(बांद्याजवळच्या वाडीसभेत संघटनेच्या तरुण गटाने केलेलं भाषण. बोलताना लांबलं होतं, इथे थोडं कमी करून दिलं आहे.)



आज खरं तर वनहक्क दाव्यांचा विषय आधी घ्यायचा होता. पण मागच्या बैठकीत बाया म्हणाल्या, सारखं कागद कागद करता, पोरं जगली तर जमीन कसतील ना? बरोबर बोलल्या. म्हणून आज आधी ताप, मग कागद. पुरुषांनी मधेच विडी ओढायला उठू नये. हे बायांपुरतं बोलणं नाही.

आपल्या भागात ताप एक प्रकारचा नाही. लावणीच्या चिखलात उभं राहून लेप्टो होतो. २०१६ साली दोडामार्गात केर गावात माकडताप आला, २०१७ ला तो बांद्यात आला. जंगलात माकडं मरून पडत होती आणि गोचिडीच्या भीतीने काजू वेचायला जायचं की नाही हा प्रश्न होता. ते दिवस कुणी विसरलेलं नाही. त्यामुळे आता काय झालंय, उन्हाळ्यात ताप आला की माकडताप म्हणायचं, पावसात आला की लेप्टो म्हणायचं, आणि पोटुशी बाई तापली तर "दिवस गेलेत, असं होतंच" म्हणायचं. मलेरियाचं नावच कुणी घेत नाही.

लोक म्हणतात, सिंधुदुर्गात मलेरिया कुठे एवढा? गडचिरोलीसारखा नाही, हे खरंच आहे. राज्यात मलेरियाचे जास्त रुग्ण निघतात ते गडचिरोलीच्या जंगलात आणि मुंबई शहरात. मुंबईत का? तिथे इमारती उठतात, टाक्या उघड्या राहतात, आणि त्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात मलेरियाचा डास अंडी घालतो. गोव्यात पणजीला १९८६ पासून मलेरिया वाढला तोही बांधकामांच्या काळातच. आता सांगा, दिवाळीनंतर आपण कुठे असतो? बांद्याच्या पलीकडे हद्द ओलांडली की गोवा. पत्र्याच्या खोपीत, उघड्या टाकीशेजारी आपणच झोपतो. म्हणजे जिल्ह्याच्या कागदावर मलेरिया कमी असला तरी आपल्या अंगात तो असू शकतो.

आमच्यातलीच एक बहीण आहे. ती इथे बसलीय, तिने सांगायला हो म्हटलं म्हणून सांगतो. सहावा महिना होता, गोव्यात एका बांधकामावर विटा वाहायची. एक दिवस थंडी वाजून ताप, दुसऱ्या दिवशी बरं, तिसऱ्या दिवशी पुन्हा थंडी. मुकादमाने तापाच्या गोळ्या दिल्या. घाम येऊन ताप उतरला की ही पुन्हा घमेलं उचलायची, कारण खाडा पडला तर मजुरी कापतात. आठ दिवस असे गेले. मग घरी आली. इथे एका खाजगी डॉक्टरने सुई दिली, सलाईन लावलं, पैसे घेतले, रक्त घेतलं नाही. शेवटी आशाताईंनी बोटाला टोचून पट्टीवर थेंब घेतला. पंधरा-वीस मिनिटांत मलेरिया निघाला. औषध झालं, पण बाळ महिनाभर आधी आलं. एक किलो सातशे. अडीच किलोच्या खाली असलं की बाळ कमी वजनाचं धरतात, यावरून समजा. आईने रात्रंदिवस उघड्या छातीशी धरून त्याला ऊब दिली. बाळ जगलं.

त्याआधी वाडीत एकीचं पोटातच गेलं होतं. तिलाही ताप होता. तेव्हा आपण बाहेरचं काही लागलं म्हणून कोंबडा दिला. आम्हीही वर्गणी दिली होती, हे कबूल करतो. तो मलेरिया होता की दुसरं काही, आता कुणीच सांगू शकत नाही. रक्त तपासलंच नव्हतं.

पोटात नेमकं काय होतं ते ऐका. मलेरियाचे जंतू रक्तातल्या लाल पेशी फोडतात. बाई आधीच अशक्त, तिचं रक्त आणखी कमी होतं. वाईट जातीचा मलेरिया, ज्याला फाल्सिपेरम म्हणतात, त्याचे जंतू वारेत जाऊन चिकटतात. बाळाला अन्न आणि हवा वारेतूनच जाते. तिथेच वाट अडली की बाळ वाढत नाही, लवकर येतं, कधी पोटातच जातं. आफ्रिकेत जिथे बारा महिने मलेरिया आहे तिथल्या मोठ्या माणसांच्या अंगात थोडी ताकद तयार झालेली असते. आपली तशी नाही. आपल्या बाईला तो एकदम जोरात पकडतो, पहिलटकरीण असो की चौथ्या खेपेची.

जंतू वारेत लपत असल्यामुळे बोटाच्या रक्तात कधी कधी सापडत नाहीत. म्हणून पहिल्या तपासणीत काही निघालं नाही आणि ताप चालूच राहिला तर पुन्हा रक्त द्यायचं. "एकदा दिलं ना" म्हणून घरी बसायचं नाही. रक्त द्यायचं ते ताप आला त्याच दिवशी, आठ दिवसांनी नव्हे. आशाताई नसतील तर बांद्याचं आरोग्य केंद्र आहे. बाई बेशुद्ध वाटली, लघवी काळपट झाली, बाळ हलेनासं झालं, तर वाट न बघता १०८ ची गाडी बोलवा.

तिथे गेल्यावर दोन गोष्टी आपणहून सांगायच्या. एक, कुठे कामाला होतो. दुसरी, दिवस गेलेत. दोनच महिने झाले असतील तरी लाजू नका. पहिल्या तीन महिन्यांत कोणतं औषध द्यायचं याचा डॉक्टरला वेगळा विचार करावा लागतो. आणि मलेरियाची प्रायमाक्विन नावाची गोळी पोटुशी बाईने घ्यायची नसते. नवऱ्याच्या उरलेल्या गोळ्या बायकोला देणं हे आपल्याकडे सर्रास चालतं. ते आजपासून बंद.

आता मच्छरदाणी. मलेरियाचा डास चावतो संध्याकाळपासून पहाटेपर्यंत. (रबराच्या बागेत चिकाच्या वाट्यांत पाणी साचतं, तिथला डास बहुतेक डेंग्यूचा, तो दिवसा चावतो. त्या वाट्याही पालथ्या करा, पण तो विषय वेगळा.) औषध लावलेली मच्छरदाणी पोटुशी बाईला चालते, बाळालाही चालते. घरात एकच असेल तर तिच्यात म्हातारा नाही, कमावता नाही, पोटुशी बाई झोपेल. कामावर जाताना ती गाठोड्यात पहिली बांधायची. धुवायची ती घरी, आणि सावलीत वाळवायची. ओहोळात धुऊ नका, त्या औषधाने मासे आणि कुर्ल्या मरतात, आणि रात्रीच्या कालवणाला आपण तिथेच जातो. घरात फवारणी झाली तर पुढचे काही महिने भिंत सारवू नका, सारवली की औषध मातीखाली जातं.

कुणीतरी म्हणेल, फवारणी होते कुठे? इथेच कागदाचा विषय येतो. आमच्या वाडीत फवारणीवाले आले नाहीत. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं की यादीत घरच नाही. घराला नंबर नाही, कारण जागा आपल्या नावावर नाही. पिढ्यान् पिढ्या इथे राहतो, पण यादीत डासाला घर सापडतं, सरकारला सापडत नाही! म्हणून आम्ही दोन कामं धरली आहेत. पहिलं, नंबर असो नसो, प्रत्येक खोपीची आणि त्यात कोण पोटुशी आहे याची यादी आपणच करून आरोग्य केंद्रात द्यायची आणि पोच घ्यायची. दुसरं, २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३(२) आहे. ग्रामसभेने शिफारस केली तर दवाखाना, अंगणवाडी, पिण्याचं पाणी यासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन मिळू शकते. आपण आजवर फक्त कसायच्या जमिनीचे दावे लिहिले. हा दावा लिहिलाच नाही, ही चूक आमचीही.

गोव्यात कामाला जाणाऱ्यांनी ठेकेदाराकडे आरोग्य कार्ड मागायचं. बांधकाम मजुरांचं रक्त तपासून ते कार्ड तिथे देतात, ते करून घेणं ठेकेदाराचं काम आहे. एकट्याने मागितलं तर तो हाकलेल. एका वाडीचे सगळे मिळून मागा.

यादीची वही त्या फणसाखाली ठेवली आहे. ज्यांच्या घरी कुणी पोटुशी आहे त्यांनी जाण्याआधी नाव, महिना आणि मच्छरदाणी आहे की नाही एवढं सांगून जावं. लिहिता येत नसेल तर आम्ही लिहू. आता दाव्यांचे कागद काढा.