मोजणीची साखळी

दोन प्रतिस्पर्धी देश एखाद्या युद्धविरामावर मिळून नजर ठेवू लागले की आपण लगेच म्हणतो, ‘चला, मिटलं यांचं!’ अहो, मिटलेलं नसतं. मिटलेलं नसतं म्हणूनच तर ते एका खोलीत बसतात.

नागोर्नो-काराबाख घ्या. २०२० साली आर्मेनिया आणि अझरबैजान या प्रदेशावरून ४४ दिवस लढले. १० नोव्हेंबरला शस्त्रं थांबली. युद्धविरामाच्या कागदावर या दोघांच्या आणि रशियाच्या सह्या होत्या, तुर्कस्तानची नव्हती. १,९६० रशियन शांतिसैनिक तिथं गेले. अझरबैजानची पाठराखण केलेल्या तुर्कस्तानला आपलाही माणूस तिथं हवा होता, तर रशियाला तुर्की सैन्य ताबारेषेवर नको होतं. मग तोड निघाली. अग्दाम जिल्ह्यात संयुक्त देखरेख केंद्र काढायचं, रशिया आणि तुर्कस्तान दोघांचे साठ-साठ सैनिक बसवायचे आणि ड्रोननं टिपलेलं दोघांनी पाहायचं. ३० जानेवारी २०२१ रोजी ते सुरू झालं.

आपल्याकडे बांधाचा तंटा असला की मोजणी येते. पूर्वी त्यासाठी साखळी असे. भाऊबंद वर्षभर एकमेकांशी बोललेले नसत, पण त्या दिवशी दोघंही भल्या पहाटे बांधावर हजर! साखळीचं एक टोक याच्या माणसाच्या हातात, दुसरं त्याच्या. प्रेम उतू चाललं होतं म्हणून का? एकजण घरी बसला, तर उद्या तोच म्हणणार, ‘ही मोजणी मला मान्य नाही.’ अग्दामला नेमकं हेच होतं. गोळी कुणी झाडली, यावर निदान दोघांना एकच चित्र दिसावं. भरवसा नाही, म्हणून सोबत. हे ध्यानात ठेवा.

पण साखळी धरणारे एक आणि शेतात राहणारे दुसरे असले तर? टोकं मॉस्को आणि अंकाराच्या हाती होती, घरं मात्र काराबाखच्या आर्मेनियन लोकांची. डिसेंबर २०२२ मध्ये आर्मेनियाकडे जाणारा लाचीनचा रस्ता अडला, तेव्हा केंद्र चालू होतं. १९ सप्टेंबर २०२३ ला अझरबैजाननं काराबाखवर हल्ला केला, तेव्हाही केंद्र होतंच. एका दिवसात सगळं आटोपलं आणि लाखाहून अधिक आर्मेनियन माणसं घरदार सोडून गेली. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राला कुलूप लागलं. साखळी लांबी सांगते, बांध राखत नाही.

तेव्हा पुन्हा तेच सांगतो. अशी बातमी ऐकलीत की ‘दोस्ती झाली’ म्हणू नका. साखळी कुणाच्या हातात आहे ते पाहा, आणि आधी विचारा, त्या शेतात राहतं कोण?