ठिबकची गाळणी : जपावी कशी, बिघाड ओळखावा कसा?

(ठिबक संचधारक शेतकऱ्यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ठिबक संच घेताना आपण नळ्यांची जाडी पाहतो, ड्रीपर ताशी किती लिटरचा आहे ते विचारतो, अनुदानाची चौकशी करतो. गाळणीबद्दल मात्र सहसा कोणी विचारीत नाही. खरे पाहता ड्रीपरमधील पाण्याची वाट जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास रुंद असते. वाळूचे चार कण किंवा शेवाळाचा एक तंतू ती वाट अडवण्यास पुरेसा होतो. नळ्या कितीही चांगल्या असल्या तरी संचाचे आयुष्य शेवटी गाळणीवरच अवलंबून असते. म्हणून आज मी फक्त गाळणी आणि तिच्याशी निगडित बिघाड, एवढ्याच विषयावर बोलणार आहे.

पाणी तशी गाळणी

प्रथम आपले पाणी कोठून येते ते पाहावे. विंधन विहिरीच्या पाण्यात वाळूचे जड कण येत असतील, तर सुरुवातीला हायड्रोसायक्लोन बसवावा. त्यात पाणी गरगर फिरते आणि वाळू खालच्या टाकीत साचते. शेततळे, नदी, कालवा किंवा उघडी विहीर असेल, तर शेवाळ व काडीकचरा येतो. त्यासाठी वाळूची गाळणी हवीच. या दोन्हींच्या पुढे जाळीची किंवा चकत्यांची गाळणी असते. आधीच्या गाळणीतून सुटलेले आणि खताच्या टाकीतून आलेले न विरघळलेले कण अडवणे हे तिचे काम. शेततळ्यातून पाणी उचलताना फूटव्हॉल्व्ह तळाशी ठेवू नये आणि अगदी पृष्ठभागावरही ठेवू नये. तरंगत्या पिंपाला बांधून तो पाण्याखाली दीड-दोन फुटांवर राहील असे करावे. गाळणीवरचा निम्मा भार तेथेच कमी होतो.

दाबमापक हीच गाळणीची नाडी

गाळणी तुंबली आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. ते दाबमापकावरून कळते. गाळणीत शिरताना पाण्याचा दाब किती आणि बाहेर पडताना किती, हे दोन आकडे पाहावेत. वाळूची गाळणी स्वच्छ असताना हा फरक साधारण ०.२ ते ०.३ किलो प्रति चौरस सेंटिमीटर असतो. तो ०.५ वर पोहोचला की गाळणी लगेच धुवावी. जाळीच्या गाळणीत फरक ०.२ ते ०.३ च्या वर जाऊ देऊ नये. दोन्ही ठिकाणी एकच दाबमापक लावून वाचन घ्यावे, म्हणजे मापकात थोडी चूक असली तरी फरक बरोबर येतो. संच नवा किंवा नुकताच साफ केलेला असताना हे आकडे पंपघराच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावेत. पुढची सगळी तुलना त्या आकड्यांशी करावयाची आहे.

वाळूची गाळणी

ही गाळणी उलट्या प्रवाहाने धुवावी लागते. त्याला बॅकवॉश म्हणतात. पाणी खालून वर सोडले की वाळूचा थर फुगतो, कण एकमेकांवर घासतात आणि घाण वरच्या तोंडाने बाहेर पडते. रोज पंप सुरू केल्यावर पाच मिनिटे किंवा निघणारे पाणी स्वच्छ होईपर्यंत बॅकवॉश करावा. या वेळी बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली हात धरून पाहावे. हातात वाळू येत असेल तर प्रवाह जास्त आहे. व्हॉल्व्ह थोडा आवळावा.

आठवड्यातून एकदा झाकण उघडून वाळू हाताने ढवळावी आणि त्याच वेळी उलटा प्रवाह सोडावा. शेवाळाने वाळूचे गोळे बनतात आणि त्यांच्यामधून पाणी बिळे पाडून न गाळता निघून जाते. टाकीचा वरचा सुमारे एक तृतीयांश भाग मोकळा असावा, नाहीतर वाळूला फुगायला जागा राहत नाही. वाळू कमी झाल्यास ओढ्यातील गोल वाळू भरू नये. गाळणीसाठी मिळणारी, एकसारख्या आकाराची, धारदार कडांचीच वाळू वापरावी. वापराने या कडा बोथट होतात. बॅकवॉश नीट करूनही पाणी गढूळ येऊ लागले की सर्व वाळू बदलावी.

जाळीची व चकत्यांची गाळणी

जाळीच्या गाळणीचा तळाचा निचरा व्हॉल्व्ह रोज मिनिटभर उघडावा. आठवड्यातून एकदा पंप बंद करून, दाब उतरल्यावर झाकण उघडावे. जाळी बाहेर काढून मऊ नायलॉन ब्रशने वाहत्या पाण्यात धुवावी. तारेचा ब्रश किंवा विळ्याचे टोक कधीही वापरू नये. जाळी उन्हाकडे धरून भोक पडले आहे का ते पाहावे. दोन्ही टोकांची रबरी कडी आपल्या जागी नीट बसलीच पाहिजेत. कडे वाकडे बसले तर घाण पाणी जाळीला वळसा घालून सरळ पुढे जाते.

चकत्यांच्या गाळणीत चकत्या सैल करून दोरीत ओवाव्यात आणि पाण्यात सुट्या करून धुवाव्यात. त्यांची संख्या कमी होऊ देऊ नये. बसवताना त्या घट्ट आवळल्या नाहीत, तर गाळण्याचे काम होत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. पाणी गढूळ असूनही दाबातील फरक आठवडाभर अजिबात वाढत नसेल, तर गाळणी चांगली चालली आहे असे समजू नका. जाळी फाटली असावी किंवा कडे सरकले असावे. काहीच न अडवणारी गाळणी कधी तुंबत नसते!

रोग बागेत, कारण गाळणीत

या बेसावधपणाची किंमत किती असते ते पाहा. डाळिंबाच्या एका बागेत शेवटच्या ओळींतील झाडे ऐन उन्हाळ्यात पिवळी पडू लागली. बागाईतदाराने मर रोग समजून महागडी बुरशीनाशके बुडख्याशी दोनदा ओतली. तरी झाडे सुकतच राहिली. मुळे उकरून पाहिली तर ती निरोगी होती, माती मात्र कोरडी. नळीचे टोक उघडताच काळी वाळू बाहेर आली. वाळूच्या गाळणीच्या तळातील एक गाळणकांडी फुटली होती आणि गाळणीतलीच वाळू पुढे चालली होती. पुढच्या गाळणीची जाळीही फाटलेली होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो प्रकार. तेव्हा झाडे सुकताना दिसली की औषधाच्या दुकानात जाण्यापूर्वी एकदा ड्रीपरखाली भांडे ठेवून पाहावे.

बिघाडाचे निदान

सुरुवातीची, मधली व शेवटची अशा तीन नळ्या निवडा. प्रत्येक नळीवरील पहिल्या, मधल्या व शेवटच्या ड्रीपरखाली भांडे ठेवून १५ मिनिटे पाणी मोजा. ताशी ४ लिटरच्या ड्रीपरमधून १ लिटर पाणी यावयास हवे.

सर्व नऊ ठिकाणी पाणी सारखेच कमी असेल, तर दाब कमी आहे. गाळणी, पंप आणि गळती तपासा. फक्त टोकाकडे कमी असेल, तर नळ्यांच्या शेवटी गाळ साचला आहे. कोठेही, कसेही कमीजास्त असेल, तर ड्रीपर आतून चोंदले आहेत.

चोंदलेला ड्रीपर उघडून पाहा. इनलाइन नळी असेल तर ड्रीपरचा तुकडा कापून घ्या व जोडणी लावा. आत पांढरा थर असून त्यावर आम्लाचा थेंब टाकताच फेस आला, तर तो चुन्याचा क्षार आहे. हिरवट, बुळबुळीत पदार्थ असेल तर शेवाळ व जिवाणू. तांबूस असेल तर लोह. वाळू वा माती असेल तर दोष थेट गाळणीचा. तेथे रासायनिक उपचार करून उपयोग नाही.

कोणताही उपचार करण्यापूर्वी आधी मुख्य व उपमुख्य नळीचे फ्लश व्हॉल्व्ह उघडावेत. नंतर चार-पाच नळ्यांची टोके एका वेळी उघडून पाणी नितळ येईपर्यंत वाहू द्यावे. एरवीही हे काम दर १५ दिवसांनी करावे.

आम्ल प्रक्रिया

क्षारांसाठी आम्ल प्रक्रिया करतात. बादलीत आपल्या विहिरीचे १० लिटर पाणी घ्या. त्यात सिरिंजने थोडे थोडे व्यापारी हायड्रोक्लोरिक आम्ल घालून ढवळा आणि सामू कागदाने तपासा. सामू ४ येईपर्यंत किती आम्ल लागले ते लिहा. समजा ६ मिलिलिटर लागले, म्हणजे लिटरला ०.६ मिलिलिटर. एका वेळी चालणाऱ्या भागात ताशी ४ लिटरचे २,५०० ड्रीपर असतील, तर ताशी १०,००० लिटर पाणी जाते. १५ मिनिटांत २,५०० लिटर. त्यासाठी दीड लिटर आम्ल लागेल. व्हेंचुरी १५ मिनिटांत १५ लिटर द्रावण ओढत असेल, तर साडेतेरा लिटर पाण्यात हे दीड लिटर आम्ल मिसळावे. शेवटच्या ड्रीपरच्या पाण्याचा सामू ४ आल्याची खात्री करावी. तसा आला नसेल तर त्याच प्रमाणात आणखी थोडा वेळ द्रावण सोडावे. मग पंप बंद करून संच २४ तास तसाच ठेवावा आणि नंतर सर्व नळ्या धुवून काढाव्यात. आम्ल वाळूच्या लोखंडी गाळणीतून जाऊ देऊ नये. ते तिच्या पुढे सोडावे.

क्लोरीन प्रक्रिया

शेवाळ व जिवाणूंसाठी क्लोरीन वापरतात. पाणी जड असेल तर ब्लीचिंग पावडरऐवजी सोडियम हायपोक्लोराइट बरे, कारण पावडरीतील चुन्याने नवा साका धरतो. दर लिटर पाण्यात २० मिलिग्रॅम क्लोरीन राहील असे प्रमाण ठेवावे. वरील उदाहरणात २,५०० लिटर पाण्याला १० टक्के तीव्रतेचे द्रावण सुमारे अर्धा लिटर लागते. द्रावण ताजे असावे. जुन्याची ताकद उतरते. यानंतरही संच २४ तास बंद ठेवून मग धुवावा. या काळात त्याच संचातून खत सोडू नये.

जिवाची काळजी

आता सर्वांत महत्त्वाचे. आम्ल आणि क्लोरीन कधीही एकत्र करू नका. एकाच बादलीत, एकाच टाकीत, एकाच दिवशीसुद्धा नाही. दोन्ही मिसळले की विषारी क्लोरीन वायू निघतो आणि पंपघरासारख्या कोंदट जागेत तो जीवघेणा ठरतो. दोन प्रक्रियांमध्ये संच पूर्ण धुवून काही दिवस जाऊ द्यावेत. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, आम्लात पाणी ओतू नये. प्लास्टिकची बादली, रबरी हातमोजे व चष्मा वापरावा. कॅन मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी, नाव लिहून ठेवावेत. पंपाच्या नळीवर एकमार्गी झडप नसेल तर ही प्रक्रिया करूच नये. वीज गेली की रसायन उलटे विहिरीत उतरते आणि त्याच विहिरीचे पाणी घरी पिण्यासाठी जात असते.

बंधू-भगिनींनो, या कामाला वेळ किती लागतो याचा हिशेब करा. रोजची दहा मिनिटे, आठवड्याचा एक तास, दर १५ दिवसांनी अर्धा दिवस. एवढे जमले तर वर्षाकाठी आम्ल व क्लोरीन प्रक्रियेची गरजही कमी पडते. रात्रीच्या विजेवर पंप चालवणाऱ्यांनी निदान बॅकवॉश झाल्याशिवाय पाणी पुढे सोडू नये, आणि सकाळी शेवटच्या ओळीपर्यंत एक फेरी मारावी. उद्या घरी गेल्यावर एकच काम करा : गाळणीच्या दोन्ही बाजूंचा दाब मोजा आणि तो भिंतीवर लिहा. फेब्रुवारीत लिहिलेला हा आकडा मे महिन्यात आपली बाग वाचवील.