साती आसरा आणि ग्रीसच्या जलकन्या

(पिशोर, ता. कन्नड येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्या भागात अनेक जुन्या विहिरींच्या आणि डोहांच्या काठी शेंदूर फासलेले सात तांदळे ओळीने मांडलेले दिसतात. या साती आसरा. ‘अप्सरा’ या संस्कृत शब्दाचे हे लोकांच्या तोंडी रुळलेले रूप. ‘अप्’ म्हणजे पाणी. अप्सरा मुळात जलचारिणी. नाटक-सिनेमांनी तिला इंद्राच्या दरबारात नाचायला लावले, आपल्या बायाबापड्यांनी मात्र तिला पाण्यापाशीच राहू दिले.

प्राचीन ग्रीसमध्येही झऱ्याझऱ्यावर अशा जलकन्या वसत. त्यांना ‘निम्फ’ म्हणत. या शब्दाचा एक अर्थ नवी नवरी असा आहे. हिलास नावाचा देखणा तरुण पाणी आणायला गेला, तेव्हा त्यांनी त्याला झऱ्यात ओढून नेले आणि महाबली हेराक्लिस त्याला हाका मारीत रानोमाळ भटकला, अशी कथा आहे. भर दुपारी डोहावर एकट्याने जाऊ नये, असे बजावणाऱ्या आपल्या आजीला ही कथा मुळीच परकी वाटली नसती.

पण ओढून नेणारीच दूधही पाजते, हे अधिक लक्षात घेण्याजोगे. रिया या देवमातेने तान्ह्या झ्यूसला क्रीट बेटावर लपवले आणि निम्फांनी त्याला वाढवले. डायोनिससला सांभाळणाऱ्या निम्फांना पुढे आकाशात स्थान मिळाले. आपल्या रोहिणीभोवतीच्या तारका त्या ह्याच. शेजारच्या कृत्तिकांना ग्रीक लोक ॲटलासच्या सात कन्या मानीत. आपल्याकडे सहा कृत्तिकांनी स्तनपान दिले म्हणून स्कंद कार्तिकेय झाला. कोणी कोणाकडून घेतले, हा वाद येथे उकरण्याचे कारण नाही. त्याच तारकांखाली दोन्हीकडच्या आयांनी लेकरे वाढवली.

महाभारताच्या वनपर्वात स्कंदाशी संबंधित मातृगण सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांना पीडा देतो आणि पूजिल्यावर तोच रक्षण करतो. वेरूळच्या चौदाव्या लेण्यात, ‘रावण की खाई’त, सप्तमातृका आपापल्या बालकांसह बसल्या आहेत. एकविसाव्या लेण्याच्या दर्शनी भागात मकरावर उभी गंगा आहे. कैलासाच्या ओढीने धावणारे पर्यटक तिच्यापाशी क्षणभरही थांबत नाहीत, हे त्यांचे दुर्दैव.

ग्रीसमध्ये इ. स. 392 मध्ये सम्राट थिओडोसियसने जुन्या देवतांच्या पूजेवर बंदी घातली. निम्फांच्या गुहा ओस पडल्या; तरी ‘नेरायडा’ या नावाने जलकन्या ग्रीक खेड्यांतील गोष्टींत उरलीच. गोष्टींत उरली, ओटी मात्र गेली. आपल्याकडे ओटी आहे. सव्वा महिन्यानंतर बाळंतीण विहिरीवर जाऊन हळद-कुंकू वाहते, तेव्हा पाण्याची आणि तिची पुन्हा ओळख होते.

परंतु विहीर कोठे आहे? 1972चा दुष्काळ जुन्या माणसांनी पाहिला; 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तो उन्हाळा तरुणांनाही आठवतो. आडात डोकावले की पाणी किती खोल गेले ते कळे. बोअरच्या सहा इंची नळीत डोकावता येत नाही. मोटर सुरू असेपर्यंत पाणी आहे, एवढेच घरात ठाऊक असते. आड बुजवून वर ओटा बांधला जातो आणि सात तांदळे उचलून पारावर नेऊन ठेवले जातात. तेथे त्यांना शेंदूर मिळतो, उदबत्ती मिळते. ज्या पाण्यावर त्यांनी लक्ष ठेवायचे, ते मात्र तेथून दिसत नाही.