माझे केस किती पाणी पितात?

हेडफोन लावलेत ना? आज कोडिंग नाही, करिअर नाही. आज कपडे, केस आणि अंघोळ. हसू नका, विषय सिरियस आहे.

मी तीन महिन्यांची बिनपगारी रजा घेऊन टांझानियाला गेले होते हे तुम्हाला माहितीये. किलिमांजारोच्या पायथ्याशी मोशी नावाचं शहर आहे, त्याच्याजवळच्या एका गावात शाळेत कॉम्प्युटर शिकवायला. परत आल्यापासून मैत्रिणी एकच विचारतात, "तिकडे घालायचीस काय? आणि केसांचं काय केलंस गं?" म्हणून हा भाग.

आधी एक गंमत. स्वाहिलीत बहिणीला ‘दादा’ म्हणतात, भावाला ‘काका’ आणि आईला ‘मामा’. त्यामुळे मी पहिल्याच दिवशी सगळ्यांची दादा झाले आणि ज्या बाईंच्या घरी राहिले त्या झाल्या मामा. घरी फोनवर "मामांनी जेवायला वाढलं" म्हटलं की आई विचारायची, "त्यांची बायको नाही का घरात?"

तर कपडे. माझा प्लॅन साधा होता. पाच टी-शर्ट, दोन कार्गो पँट, इस्त्री नाही. सेवा करायला चाललोय, नटायला नाही, असं डोक्यात. पहिल्या सोमवारी तसाच चुरगळलेला टी-शर्ट घालून शाळेत गेले. टीचर्स रूममध्ये सगळ्यांचे शर्ट कडक इस्त्रीचे. बाहेर लाल धूळ उडतेय आणि यांचे बूट मात्र चकचकीत. एका सरांनी काळजीने विचारलं, "दादा, विमानतळावर बॅग हरवली का तुझी?" मी हसले. ते हसले नाहीत, कारण त्यांनी जोक केलाच नव्हता.

मग वर्गात बघायला लागले. काही मुलांकडे युनिफॉर्मचा एकच जोड. संध्याकाळी धुवायचा, सकाळी कोळशाच्या इस्त्रीने वाळवत वाळवत कडक करायचा, हीच रोजची सवय. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या टपरीत असते ना, तीच कोळशाची इस्त्री. ही मुलं एवढं करून वर्गात बसणार आणि त्यांची बाई गबाळी येणार? मला लाज वाटली. आपल्या ऑफिसात गबाळं राहणं खपतं, कारण आपण कोण हे सगळ्यांना माहीत असतं. तिथे मी नवखी. माझ्या कपड्यांवरूनच ते ठरवणार होते की ही आपल्याला किती किंमत देते.

इस्त्रीचं दुसरं कारण मामांनी सांगितलं. तिकडे एक माशी असते, मँगो फ्लाय. बाहेर वाळत घातलेल्या ओलसर कपड्यांवर ती अंडी घालते आणि कपडा अंगाला लागला की अळी कातडीत शिरते. गरम इस्त्रीने अंडी मरतात. म्हणून आतल्या कपड्यांनाही इस्त्री! त्यानंतर मी एक दिवस चुकवला नाही.

शेवटी माझ्याकडे जे उरलं ते सांगते, लिहून घ्या. गडद रंगाचे तीन कॉटनचे कुर्ते. पांढरं काही नेऊ नका, लाल माती निघत नाही. गुडघ्याखाली येणारे दोन स्कर्ट, तिथल्याच शिंप्याकडून शिवलेले. शिंप्याला फुंडी म्हणतात, कितेंगे नावाचं छापील कापड नेऊन दिलं की तो मापात शिवून देतो. एक कांगा, हे जोडीने मिळणारं सुती कापड, काठावर स्वाहिली म्हण छापलेली असते. टॉवेल, ओढणी, चादर, सगळं तेच. नेलकटर, सनस्क्रीन, व्हॅसलिन, एक साबण. संपलं. आणि हो, तिथे 1 जून 2019 पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे. कपडे कापडी पिशवीतच भरा.

आता केस. माझे कमरेपर्यंत होते. घरात नळ नव्हता. मामांची धाकटी मुलगी सकाळी शाळेआधी गावच्या नळावरून डोक्यावर बादली आणायची. 20 लिटरची. माझ्या अंघोळीला अर्धी पुरायची. पण केस धुवायच्या दिवशी शाम्पू, मग कंडिशनर, मग परत पाणी, असं करत पूर्ण बादली संपून वर अर्धी लागायची. दुसऱ्या आठवड्यात ती पोरगी दारात उभी राहून बघत होती. शाळेच्या पद्धतीप्रमाणे तिचे केस अगदी बारीक कापलेले. तिने अगदी सहज विचारलं, "दादा, तुझे केस किती पाणी पितात?"

मी बीटेक आहे हो. 20 लिटर पाणी म्हणजे 20 किलो, हे मला कुणी सांगायला नको होतं. पण ते वजन कुणाच्या मानेवर आहे, हा हिशोब मी दोन आठवडे केलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर नळावर गेले. बादली डोक्यावर ठेवून घेतली, वीस पावलांत निम्मी अंगावर सांडली. ती पोट धरून हसली आणि परत भरायला गेली.

त्या रविवारी मामांनी फुंडीची कात्री आणली. मी ओट्यावर बसले. खरं सांगते, पहिली बट पडली तेव्हा रडू आलं. कानाखालपर्यंत कापले, एका बाजूला तिरके. आईला व्हिडिओ कॉल केला तर ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "तेल तरी लावतेस ना?"

त्यामुळे त्या मुलीचं पाणी भरणं थांबलं नाही, हे स्पष्ट सांगते. आठवड्याची एक बादली कमी झाली, एवढंच. आणि मी माझी बादली स्वतः आणायला शिकले. डोक्यावरून नाही, हातातून, दोनदा थांबून.

आता पुण्यात नळ सोडला की पाणी येतं आणि केस खांद्यापर्यंत वाढलेत. पण शॉवर बंद आहे. बादली भरून घेते. तुम्ही कुठे जाणार असाल तर बॅग भरायच्या आधी यजमानांना दोनच प्रश्न विचारा: पाणी कुठून येतं आणि ते कोण आणतं? बाकीची पॅकिंग लिस्ट आपोआप होते.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर क्वाहेरी, म्हणजे येते हं!