शून्याचीही नोंद

खेळावर बोलायला आकाशवाणीनं मला बोलावलंय हे कळल्यावर घरात सगळे हसले. त्यांचं बरोबरच होतं. मी खेळाडू कधीच नव्हतो. शाळेच्या क्रिकेट संघात माझी निवड झाली होती ती वही सांभाळायला. मैदानाच्या कडेला निंबाचं झाड, त्याखाली एक डुगडुगतं टेबल, आणि त्या टेबलावर लांबोडकी स्कोअरची वही. मार्च उलटला की आपलं खानदेशी ऊन कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. अकरा पोरं उन्हात, आणि मी सावलीत. त्यामुळे थोडी चेष्टा व्हायची, पण जागा सुखाची होती.

आमच्या क्रीडाशिक्षकांनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवली. आमचा एक फलंदाज पहिल्या चेंडूवर त्रिफळाचीत झाला होता. दोस्तच होता, म्हणून मी त्याच्या नावापुढची जागा मोकळी सोडली. सरांनी वही पुढ्यात ओढली आणि म्हणाले, "इथं शून्य लिही. मोकळी जागा म्हणजे तो आलाच नाही. शून्य म्हणजे आला, उभा राहिला, पण जमलं नाही. दोन्हीत फरक आहे."

तो फरक मला पुरता कळायला बरीच वर्षं लागली. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

इंग्लंडात, पोलंडमध्ये, ऑस्ट्रेलियात एक खेळ आहे, स्पीडवे नावाचा. आपल्याकडे तो फारसा कुणी पाहिलेला नाही. लंबगोल मातीचा ट्रॅक, त्यावर चार मोटरसायकली, चार फेऱ्या. गाडी पाचशे सीसीची, मिथेनॉलवर चालणारी, एकच गिअर, आणि ब्रेक अजिबात नाही. वळणावर मागचं चाक बाजूला घसरवत, डावा पाय मातीवर टेकवत गाडी वळवायची. मागच्याच्या तोंडावर मातीचा फवारा. मिनिटभरात शर्यत संपते. इंग्लंडात लंडनजवळच्या हाय बीच इथं १९ फेब्रुवारी १९२८ रोजी झालेल्या शर्यतींपासून या खेळानं मूळ धरलं. पुढे संघ झाले, लीग झाल्या, आणि १९६८ साली ब्रिटिश लीगला दुसरा विभागही जोडला गेला. छोट्या गावांचे संघ, उमेदीतली पोरं आणि उतरणीला लागलेले जुने गडी या खालच्या विभागात खेळायचे.

मला या खेळात गंमत वाटते ती त्याच्या हिशेबाची. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला शून्य. प्रत्येक शर्यतीत दोन्ही संघांचे दोन-दोन स्वार असतात. आता समजा, आपला साथीदार पुढे आहे आणि आपण त्याच्या लगेच मागे दुसरे आलो. आपल्याच माणसाला मागे टाकून संघाचा काही फायदा नाही. मग आपण मागे राहिलो, हा आपला कमीपणा कसा धरायचा? म्हणून त्या स्वाराच्या खात्यात एक बोनस गुण जमा होतो. संघाच्या बेरजेत तो धरत नाहीत, त्याच्या स्वतःच्या सरासरीत मात्र धरतात. सगळे गुण आणि बोनस मिळवायचे, शर्यतींच्या संख्येनं भागायचे, चारानं गुणायचे, की झाली सरासरी. पाच शर्यतींत दहा गुण, तर सरासरी आठ. बनियाच्या पोराला तोंडी जमेल असा हिशेब!

आणि हा हिशेब ठेवतं कोण? अधिकृत माणसं असतातच, पण प्रेक्षकही ठेवतात. प्रवेशाबरोबर कार्यक्रमाची पुस्तिका विकत मिळते, तिच्यात प्रत्येक शर्यतीचा रिकामा तक्ता छापलेला असतो. लोक पेन्सिल घेऊनच येतात. कोण पहिला, कोण पडला, कुणाची गाडी बंद पडली, सगळं मांडीवर ठेवून भरतात. या पुस्तिका घरोघरी जपल्या जातात. म्हणून खालच्या विभागातल्या, जगानं नावही न ऐकलेल्या स्वाराबद्दलही सांगता येतं, की हा अमुक संघासाठी इतक्या वेळा उतरला आणि इतके गुण कमावून गेला. तो कधी जगज्जेता झाला नसेल, पण त्याची जागा मोकळी राहिलेली नाही.

आपल्याकडे असं खातं कुठे आहे? क्रिकेटमध्ये आहे. रणजी करंडक १९३४ पासून चालू आहे आणि त्याच्या वह्या चोख आहेत. कसोटीच्या एक पायरी खाली आयुष्य काढलेली माणसं त्या वह्यांत ठसठशीत दिसतात.

आपल्या महाराष्ट्र संघाचंच घ्या. जळगाव आणि धुळ्याची पोरं याच संघाचं स्वप्न बघतात. डिसेंबर १९४८, पुण्याचं पूना क्लबचं मैदान. काठियावाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. महाराष्ट्र ४ बाद ८२६. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा तेव्हाचा विश्वविक्रम अवघा नऊ धावांवर. आणि मधल्या सुट्टीत काठियावाडच्या कर्णधारानं पुढे खेळायलाच नकार दिला. सामना तिथंच संपला. निंबाळकरांना कसोटी कधीच मिळाली नाही. पण त्या नाबाद ४४३ पेक्षा मोठी खेळी प्रथम श्रेणीत आजवर एकाही भारतीयाला जमलेली नाही. कुणीतरी टेबलाशी बसून ते सगळे चेंडू लिहिले होते, म्हणून हे आज बोलता येतं.

पद्माकर शिवलकरांची गोष्ट याहून लांबलचक. मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज. प्रथम श्रेणीचे १२४ सामने, ५८९ बळी. १९७२-७३ चा अंतिम सामना चेन्नईच्या चेपॉकवर झाला, तेव्हा चेन्नईला मद्रास म्हणत. तमिळनाडूविरुद्ध पहिल्या डावात १६ धावांत ८ बळी आणि दुसऱ्यात १८ धावांत ५. म्हणजे एका अंतिम सामन्यात ३४ धावांत १३ गडी! तरी भारताकडून कसोटी एकही नाही, कारण त्या काळात संघातल्या त्या जागेवर बिशनसिंग बेदी होते. हरियाणाचे राजिंदर गोयल यांचंही तेच झालं. रणजीत ६३७ बळी, आजही हा उच्चांक त्यांच्याच नावावर आहे, आणि कसोटी शून्य. स्पीडवेच्या भाषेत सांगायचं तर आपलाच गडी पुढे होता, म्हणून हे दोघे मागे राहिले. बोनसचा एक गुण त्यांना कुणी द्यायचा?

फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली, हे तुम्हाला पाठ असेल. त्या सगळ्या वेळात पुढचा फलंदाज पॅड बांधून बसून होता, त्याचं नाव अमोल मुजुमदार. त्याची पाळी आलीच नाही. पुढे १९९३-९४ साली रणजी पदार्पणातच त्यानं हरियाणाविरुद्ध २६० धावा ठोकल्या. प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा केल्या, तरीही भारताची टोपी मिळाली नाही. मात्र २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचा प्रशिक्षक हाच होता. पॅड बांधून थांबण्याचा रकाना कुठल्याच स्कोअरच्या वहीत नसतो. मला मात्र तो असावा असं फार वाटतं.

आणि सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेश. तिथला देवेंद्र बुंदेला २०१८ मध्ये निवृत्त झाला, तेव्हा १४५ रणजी सामन्यांचा उच्चांक त्याच्या नावावर होता. वासिम जाफरनं नंतर तो मोडला आणि दीडशेच्या पुढे गेला. जाफर कसोटी खेळलेला, बुंदेला भारताकडून एकदाही नाही. वीसेक हंगाम हा माणूस बॅग भरून कुठकुठच्या मैदानांवर जात राहिला. मला वाटतं, सामन्यांच्या संख्येचा विक्रम हा खरं तर हजेरीचा विक्रम असतो. भुसावळच्या रेल्वेत तीस-पस्तीस वर्षं पाळ्या केलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

आता आपल्या मातीकडे येऊ. ब्रेक नसलेली गाडी आपल्याकडेही आहे. बैलगाडा शर्यत म्हणा की शंकरपट, धूळ तीच, थरार तोच. जोडीचं नाव पंचक्रोशीत गाजतं, बैलाचं नाव मालकाच्या नावाआधी घेतलं जातं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानं या शर्यती थांबल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्रात त्यांना परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं या शर्यतींचा कायदा वैध ठरवला. शर्यत असावी की नसावी, यावर दोन बाजू आहेत आणि बैलाला इजा होता कामा नये, हे दोन्ही बाजू मानतात. माझा मुद्दा वेगळा आहे. बैलाचं पळण्याचं वय मुळात मोजकं. मधल्या सात वर्षांत बैलांची एक पिढीच्या पिढी दावणीला बसून म्हातारी झाली. आणि त्याआधीची पिढी किती वेळा पळाली, किती वेळा जिंकली, हे लिहिलेलं कुठे आहे? म्हाताऱ्यांच्या तोंडी. आणि म्हातारे जाताहेत.

कुस्तीचं तेच. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा आणली. खानदेशानं त्यांना डोक्यावर घेतलं, ते योग्यच झालं. पण गदेपर्यंत न पोचलेल्या मल्लांचं काय? यात्रेची दंगल आठवा. दुपारी पोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्या, मग नारळाच्या, मग शंभराच्या, पाचशेच्या, ऊन कललं की मोठ्या इनामाच्या जोडी. पंच हात वर करतो, भोंग्यावर नाव पुकारलं जातं, ढोल वाजतो, फेटा बांधला जातो. इनामाची रक्कम यात्रा कमिटीच्या खर्चात लिहिलेली सापडते. कुणी कुणाला कुठल्या डावावर पाडलं, ते लिहिलेलं सापडत नाही. बरोबरीत सुटलेली कुस्ती तर दुसऱ्या दिवशी विसरली जाते. आपण पैशाचा हिशेब ठेवला, माणसाचा ठेवला नाही.

मागे तापीकाठच्या एका गावात मी एका वृद्ध पैलवानांकडे गेलो होतो. कान मोडलेले, खांदे अजून रुंद. आयुष्यभर खानदेशातल्या यात्रा खेळलेले. मी सवयीनं विचारलं, "बाबा, एकूण किती कुस्त्या झाल्या असतील?" ते हसले आणि अहिराणीत म्हणाले, "कुस्त्या मोज्यात कोनी, भाऊ?"

मी पिशवीतून वही काढली. निंबाखालची खोड, दुसरं काय! म्हटलं, आता मोजू. ते आठवू लागले. आधी गावं आली, मग त्या गावांच्या यात्रा, मग समोरच्या गड्यांची नावं. कुठं घिस्सा, कुठं ढाक, कुठं नुसता दम. त्यांचा नातू दारात उभा राहून ऐकत होता. आजोबांनी एवढं सगळं केलंय हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. चहा दोनदा झाला. पानं भरत गेली.

श्रोतेहो, येत्या यात्रेच्या हंगामात प्रत्येक गावातल्या एका शाळकरी पोरानं एवढंच करावं. दोनशे पानी वही घ्यावी. रकाने आखावेत: तारीख, गाव, जोड, इनाम, निकाल. नारळाची कुस्तीही लिहावी, बरोबरीची तर नक्कीच लिहावी. कबड्डी असेल तर चढाया लिहाव्यात, खो-खो असेल तर पोरगी किती मिनिटं टिकली ते लिहावं. पोराला खेळता आलं नाही तरी चालेल. मला कुठे येत होतं?

त्या संध्याकाळी मी वही मिटून उठलो. बाबा दारापर्यंत सोडायला आले. पायरीवर मला थांबवलं आणि म्हणाले, "एक राह्यनं." मी पुन्हा वही उघडली. पारोळ्याकडच्या एका यात्रेत एका पोरसवदा गड्यानं त्यांना सगळ्या गावासमोर चितपट केलं होतं. ते ही गोष्ट कुणाला सांगत नसत. मी पेन वर केलं, लिहू की नको अशा घोटाळ्यात. त्यांनी बोट वहीवर टेकवलं.

"हारेल बी लिखजो, भो."