ओलांडच्या लाकडी पवनचक्क्या



पवनचक्की म्हटले की आपल्याला साताऱ्याकडच्या चाळकेवाडीच्या पठारावरची वीज देणारी पाती आठवतात. आज मी बोलणार आहे ते दळण दळणाऱ्या लाकडी पवनचक्क्यांविषयी. स्वीडनचे ओलांड हे बेट बाल्टिक समुद्रात आहे. लांबी सुमारे १३७ किलोमीटर, रुंदी जेमतेम १६. एवढ्याशा जागेत एकोणिसाव्या शतकात जवळजवळ २००० पवनचक्क्या होत्या. आज साडेतीनशेच्या आसपास उरल्या आहेत.

इतक्या कशासाठी? एक कारण निसर्गाचे. चुनखडीच्या या सपाट बेटावर बारमाही वाहणारे पाणी कमी. पाणचक्की भरवशाची नाही. वारा मात्र चोहोबाजूंनी मोकळा. दुसरे कारण इतिहासाचे. १५६९ मध्ये राजा तिसरा योहान याने अख्खे बेट शिकारीसाठी राखून ठेवले. राजाची हरणे शेतात शिरली तरी शेतकऱ्याने त्यांना मारायचे नाही! हा जाच १८०१ मध्ये संपला. शेती सावरली, हातात पैसा आला आणि ज्याला जमेल त्याने दारात आपली चक्की उभी केली. त्यात सोय होतीच, मिरवणेही होते. गावासाठी एक मोठी चक्की पुरली असती. पण दळणासाठी दुसऱ्याच्या दारात ताटकळायचे कुणी?

या चक्कीची रचना पाहण्यासारखी आहे. जाड लाकडी खांब उभा करून त्याला चारी बाजूंनी तिरके टेकू दिलेले असतात. त्या खांबावर फळ्यांची अख्खी खोली तोललेली असते. पाती तिच्यावर बसवलेली; दातेरी चाक, जात्याचे दगड सगळे तिच्यात. मागच्या बाजूने एक लांब दांडा खाली आलेला असतो. वारा फिरला की तो दांडा रेटायचा आणि सगळे घरच वाऱ्याकडे वळवायचे. बेटावरच्या सांडविक गावची आठ मजली चक्की याला अपवाद. डच धाटणीच्या या चक्कीचा फक्त माथा वळतो. ती १८८५ मध्ये मुख्य भूमीवरून सोडवून आणून इथे पुन्हा उभी केली.

पुढे इंजिनाच्या आणि विजेच्या गिरण्या आल्या आणि या चक्क्या रिकाम्या झाल्या. फळ्या कुजल्या, कित्येक कोसळल्या. तरीही लेरकाका आणि स्टोरलिंगे इथे रस्त्याकडेला त्यांच्या ओळी आजही उभ्या आहेत. २००० साली युनेस्कोने दक्षिण ओलांडच्या शेतीभूमीला जागतिक वारसा ठरवले. त्या मानाचे मोल आहेच. पण कुजलेली फळी काही मानपत्राने बदलत नाही. त्यासाठी सुतार लागतो, पैसा लागतो आणि ही चक्की आपली आहे असे मानणारी माणसे लागतात. ओलांडमध्ये चक्क्यांचे मालक आणि गावोगावची वारसा मंडळे हे काम करतात.

१९७२ पासून बेटाला पूल आहे, जाणे सोपे आहे. कधी गेलात, तर रस्त्यावरून फोटो काढून परतू नका. एखादी चक्की उघडी असेल तर आत चढा आणि ते लाकडी दाते जवळून पाहा.